किल्लीमावशीचं चालणं

किल्लीमावशीचं खरं नाव तिच्या धाकट्या बहिणीखेरीज कुणाच्या लक्षात नव्हतं, आणि बहीणही तिला अक्काच म्हणायची. त्यामुळे ते नाव ठेवणीतल्या कपड्यासारखं पडून राहिलं आणि मावशीचं त्यावाचून काही अडलं नाही. अपंग बायकांच्या एका मोठ्या संस्थेत ती विशीत कामाला लागली आणि केस पिकेपर्यंत तिथेच राहिली. काम म्हणजे दारं उघडायची आणि लावायची. ऐकायला सोपं वाटतं, पण त्या इमारतीत पावलापावलाला दार होतं आणि प्रत्येक दाराची मूठ बाहेरच्या बाजूला. आतून नुसती गुळगुळीत फळी. आतल्या बाईला बाहेर यायचं असेल, तर मावशीच्या कमरेचा जुडगा वाजेपर्यंत वाट बघायची.

मावशी कडक होती, पण दुष्ट नव्हती. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढचं ऐकून लोक घाईघाईने मत बनवतात. तिने कुणावर हात उगारला नाही, कुणाला उपाशी ठेवलं नाही. सकाळी दार उघडून म्हणायची, "चला, उठा बघू." मग बायका ओळीने उभ्या राहिल्या की प्रत्येकीच्या खांद्याला हात लावून मोजायची. शेवटची मोजून झाली की म्हणायची, "सगळ्या आल्या. चला." हे शब्द कानावर पडेपर्यंत कुणी पाऊल उचलत नसे.

धोक्याच्या घंटेचा नियमही तिनेच त्यांच्या अंगात मुरवला होता. फार पूर्वी एकदा इमारतीत धूर झाला, बायका सैरावैरा पळाल्या आणि एकजण खाटेखाली जाऊन लपली, ती सापडेपर्यंत सगळ्यांचे प्राण कंठाशी आले. तेव्हापासून नियम ठरला: घंटा वाजली की आपापल्या खाटेच्या पायथ्याशी उभं राहायचं, एक हात खाटेच्या दांडीवर ठेवायचा आणि किल्ल्या येईपर्यंत जागचं हलायचं नाही. कुलपांच्या घरात हा नियम शहाणपणाचाच होता. मावशी तो वर्षानुवर्षं घोकून घेत राहिली.

मग वारं फिरलं. माणसांना असं कोंडून ठेवणं बरं नव्हे, त्यांनी साध्या गल्लीतल्या साध्या घरांत चारचौघांसारखं राहावं, असं वरती ठरलं. संस्था हळूहळू रिकामी व्हायला लागली. तिघी-तिघी, चौघी-चौघी बायका एकेका घरात राहायला गेल्या आणि सोबतीला ओळखीचं माणूस हवं म्हणून मावशीलाही एका घरी पाठवलं. निघताना तिने किल्ल्यांचा जुडगा कार्यालयातल्या टेबलावर ठेवला. कमरेची डावी बाजू एकदम हलकी झाली आणि तिचा तोल गेला. तिथल्या कारकुनाने हसून खुर्ची पुढे केली, पण ती बसली नाही.

नवं घर गल्लीच्या शेवटी होतं. पुढे बैठकीची खोली आणि जेवायचं टेबल, मग एक लांब बोळ, बोळाच्या एका अंगाला तीन खोल्या, शेवटी स्वयंपाकघर आणि त्याला चिकटून मावशीची खोली. उंबऱ्यापुढे चाकाच्या खुर्चीसाठी उतार केलेला. कोपऱ्यावर कपडे धुऊन इस्त्री करून देणारं दुकान, त्याची वाफ सकाळी गल्लीत पसरायची. आणि घरातल्या प्रत्येक दाराला दोन्ही बाजूंनी मूठ होती. कुलूप एकालाही नव्हतं.

घरात राहायला आल्या तिघी. पहिली ताई. हातपाय जन्मापासून आखडलेले, चाकाच्या खुर्चीत बसायची, बोलताना शब्द ओढून ओढून यायचे, पण आला तो शब्द मिरचीसारखा. साऱ्या खोलीवर हुकूम चालवायची म्हणून ती ताई. दुसरी छोटी. वय चाळिशीपलीकडे, समज पाच-सहा वर्षांच्या मुलीची, हसू मात्र सगळ्या घराला पुरेल एवढं. तिसरी मधली. संस्थेत तिची खाट मधली होती, म्हणून ती मधली, एवढंच. तिला दिसत नव्हतं, आणि एवढ्या वर्षांत तिच्या तोंडून शब्द कुणी ऐकला नव्हता. कुठे बसवलं की तिथे बसायची, मान किंचित तिरकी करून, सगळं घर कानात ओढून घेत असल्यासारखी. ती खोलीत आहे हे लोक विसरून जात. मावशीही विसरायची.

पहिल्याच सकाळी मावशी चहा करून वाट बघत बसली. कुणी येईना. उठली असतील, तोंड धूत असतील, असं म्हणत तिने चहा दोनदा गरम केला. शेवटी जाऊन छोटीच्या खोलीचं दार उघडलं आणि तिच्या छातीत धस्स झालं. छोटी दाराच्या आत, अगदी फळीला नाक लावून उभी होती. कपडे घातलेले, केस विंचरलेले. मधलीच्या दाराआड मधली तशीच. ताईची खुर्ची तिच्या दारापाशी येऊन थांबलेली, चांगला हात मांडीवर, मुठीपासून वीतभर अंतरावर.

मावशी म्हणाली, "ताई, तुला तर समजतं. दार उघडं आहे, मूठ फिरव आणि ये."

ताईने मुठीकडे बघितलं. मग म्हणाली, "समजतं मावशी. पण दार म्हणजे तुम्ही. हात जात नाही."

असे दिवसामागून दिवस गेले. छोटी न्हाणीघरात गेली की आतच उभी राहायची, मावशी उघडेपर्यंत. मावशी बाजारातून उशिरा आली तर घरात चिडीचूप असायचं आणि तीन बंद दारांमागे तिघी उभ्या. शेजारपाजारचे म्हणायचे, किती शांत बायका आहेत हो, आहेत की नाहीत तेही कळत नाही. मावशीला मात्र ती शांतता सोसवेना. संस्थेत कुलपं होती तेव्हा बंद दाराचं तिला कधी काही वाटलं नव्हतं. आता कुलूप नसलेलं दार बंद दिसलं की तिच्या अंगावर काटा यायचा.

आणि मग दुपारी किल्ल्या वाजायला लागल्या.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मावशी जेवणं आटोपून आडवी झाली होती. बाहेर टळटळीत ऊन, गल्लीत चिटपाखरू नाही. डोळा लागतो न लागतो तोच बोळातून जुडगा खुळखुळला. मग पावलं. एक पाऊल नीट पडायचं, दुसरं फरशीवर घासत यायचं. मध्येच कुणीतरी कोरडं खोकलं. दाराची मूठ फिरली. पुन्हा पावलं, पुन्हा मूठ. मावशीचा हात आपोआप कमरेला गेला. तिथे काही नव्हतं.

धीर करून ती बाहेर आली. बोळ रिकामा. तिन्ही खोल्यांची दारं सताड उघडी, आणि तिघी पुढच्या खोलीत जेवणाच्या टेबलाशी बसलेल्या, हात मांडीवर ठेवून, चहाची वाट बघत.

"दारं कुणी उघडली?" मावशीने विचारलं.

"मावशीने," छोटी म्हणाली.

"मी झोपले होते गं."

"मावशी आली," छोटी तिला समजावल्यासारखं म्हणाली. "किल्ल्या वाजल्या."

मावशीने ताईकडे बघितलं. ताईचा चेहरा कोरा. मधली मान तिरकी करून बसलेली. मावशीने चहा टाकला, पण साखर घातली की नाही ते तिला आठवेना.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं तिने स्वतःला पुष्कळ बजावलं. पण आवाज येत राहिला. रोज नाही, पण ती गाढ पडली की हमखास. तिच्या डोक्यात एकच नाव यायचं. संस्थेत तिच्या आधी किल्ल्या सांभाळणाऱ्या मोठ्या बाई. जुडगा मावशीच्या हातात देऊन त्या निवृत्त झाल्या आणि थोड्याच दिवसांत वारल्या. मोठ्या बाईच असणार. त्यांना किल्ल्या सोडवल्या नाहीत, त्या आपल्या मागोमाग इथवर आल्या, असं मावशीच्या मनाने घेतलं. बाई पाय घासत चालायच्या का, हे तिने आठवून बघितलं. आठवलं नाही, पण भीतीला पुरावा कुठे लागतो. कुणाला सांगायचीही सोय नव्हती. म्हातारीला भास होतात म्हणून घरातून काढलं असतं, आणि तिघींकडे कुणी अनोळखी माणूस आलं असतं.

अशात पर्यवेक्षक मॅडम आल्या. मावशीला लेक शोभेल अशा वयाच्या, मनाने चांगल्या, फक्त सदा घाईत. त्यांनी आगीच्या सरावाबद्दल सांगितलं. प्रत्येक घराला तो करून दाखवावाच लागतो. छताला बसवलेली धुराची घंटा वाजवायची, सोबतीच्या बाईने घराबाहेर थांबायचं, आणि राहणाऱ्या बायकांनी कुणाच्या मदतीशिवाय पुढच्या दाराने बाहेर यायचं. आल्या तर घर त्यांचं. नाही आल्या तर त्यांना तिथे ठेवणं धोक्याचं, मग परत जावं लागेल. जुन्या इमारतीची मागची बाजू अजून चालू होती, ज्यांचं बाहेर निभत नाही त्यांच्यासाठी. तिथली कुलपं मावशीला तोंडपाठ होती.

पहिल्या सरावाला मावशी छोटीच्या खिडकीबाहेर उभी राहिली. घंटा वाजायला लागली, कानठळ्या बसवणारी. खिडकीतून तिने बघितलं. छोटी खाटेच्या पायथ्याशी उभी होती, एक हात दांडीवर. चेहरा भीतीने पिळवटलेला, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पाय थरथरत होते, आणि ती हलत नव्हती. दाराकडे बघत होती. मावशीला खोकला आला, तो तिने दाबला, पुन्हा आला. घंटा वाजतच राहिली. अखेर मॅडमनी हात वर केला आणि सोबत आलेल्या अग्निशमन दलाच्या माणसाने ती बंद केली. तिघींपैकी एकही बाहेर आली नव्हती.

"खरी आग असती तर, मावशी?" मॅडम हळू आवाजात म्हणाल्या.

मावशीला ते कुणी सांगायला नको होतं. खिडकीतून दिसलेली छोटी तिच्या डोळ्यांपुढून हलेना. आपण शिकवलेला धडा पोरीने अक्षर न चुकता म्हणून दाखवला, आणि त्या धड्याने ती उभ्या उभ्या जळून गेली असती. त्या रात्री मावशीला जेवण गेलं नाही.

मॅडमनी महिनाअखेरीस आणखी एक संधी देऊ असं सांगितलं. मावशीने कंबर कसली. घंटा झाली की बाहेर, घंटा झाली की बाहेर, असं सकाळ-संध्याकाळ घोकून घेतलं. ती आत असली की तिघी कशा ओळीने बाहेर यायच्या, बघत राहावं. ती अंगणात गेली की तिघी खाटांपाशी. जित्याची खोड म्हणतात ती हीच. मावशी चिडली, तिने समजावलं, ती हातापाया पडली. छोटी प्रत्येक वेळी हो म्हणायची आणि तिला गळामिठी मारायची.

त्याच आठवड्यात बहीण भेटायला आली. गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची, तोंडाने फटकळ, भुताखेतांवर काडीचा विश्वास नाही. जेवणं झाली, तिघी आपापल्या खोलीत गेल्या. दोघी बहिणी स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलत बसल्या. बोलता बोलता मावशी भिंतीला टेकली आणि तिचा डोळा लागला. बहीण गप्प बसून राहिली.

थोड्या वेळाने बोळात जुडगा वाजला. मावशी दचकून जागी झाली आणि तिने बहिणीचा हात घट्ट धरला. पावलं आली. एक नीट, एक घासत. कोरडा खोकला. निदान आज दुसऱ्या कुणाला तरी ऐकू येतंय, एवढाच दिलासा.

"मोठ्या बाई आहेत," ती कुजबुजली.

बहीण दाराकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता, पण मोठ्या बाईंच्या भीतीने नव्हे; त्यांना तिने कधी पाहिलंही नव्हतं. ती म्हणाली, "अक्का, तू तर इथे बसली आहेस. मग बाहेर कोण चालतंय?"

"म्हणजे?"

"अगं, हे तुझं चालणं आहे. लहानपणी जिन्यावरून पडलीस तेव्हापासून तू डावा पाय असाच घासतेस. घरात शिरायच्या आधी मला कळतं, अक्का आली. खोकलाही तुझाच."

मावशीला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि जे भय आजवर वाटलं होतं ते पोरखेळ वाटावं असं थंडगार काहीतरी तिच्या पाठीतून उतरलं. मेलेलं माणूस चालतं, हे तिला एक वेळ पटलं असतं. पण ती जिवंत होती, इथे फरशीवर बसली होती, आणि बोळातून तीच येत होती. काखेत कळसा म्हणतात, पण हा कळसा आपल्या पायांनी फिरत होता.

ती उठली. चपला काढून ठेवल्या आणि भिंतीला धरून बोळाच्या तोंडाशी गेली.

मधली चालत होती. डावा खांदा जरासा खाली, डावा हात कमरेवर, डावी चप्पल घासत. ओठ किंचित उघडे आणि जीभ दातांमागे भराभर हलत होती. किल्ल्या तिथे वाजत होत्या. लहान किल्ली, मोठी किल्ली, त्यांना अडकवलेली कडी, सगळं जिथल्या तिथे. ती छोटीच्या दाराशी थांबली, खोकली, मूठ फिरवली आणि म्हणाली, "चला, उठा बघू."

मावशीचा आवाज होता तो. थोडा दमलेला, थोडा कडक, शेवटच्या शब्दावर किंचित चढणारा. जन्मात एक शब्द न बोललेल्या बाईच्या तोंडून. आपण अशा बोलतो, हे मावशीने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, आणि तिला वाईट वाटलं. इतकी वर्षं या पोरींनी सकाळ-संध्याकाळ हेच ऐकलं होतं, दुसरं काही नाही.

छोटी बाहेर आली, मधलीच्या बाहीला धरून उभी राहिली. मधली ताईच्या दाराकडे वळली आणि थबकली. तिच्या नाकपुड्या फुलल्या. मावशीचा श्वास तिला ऐकू आला असावा. एका क्षणात खांदा वर आला, हात कमरेवरून गळाला, जीभ थांबली. मान तिरकी झाली. बोळात पुन्हा ती जुनी, कुठे बसवली तिथे बसणारी मधली उभी होती, मावशी काय सांगते त्याची वाट बघत.

संध्याकाळी मावशी ताईच्या खुर्चीपाशी जाऊन बसली. "तुला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत होतं," ताई म्हणाली. "दार मधली उघडत नाही, मावशी उघडते. म्हणून तुम्ही झोपलात की ती तुम्ही होते."

"मग मी विचारलं तेव्हा गप्प का बसलीस?"

ताईला शब्द जुळवायला वेळ लागला. "मॅडमना कळलं तर वेड लागलं म्हणतील. तिला नेतील. मावशी, मला तिथे परत जायचं नाही. जीव गेला तरी नाही." मग थोडं थांबून, स्वभावाला औषध नाही म्हणतात तसं, ती म्हणाली, "आणि खरं सांगू? तुमच्यापेक्षा ती जरा प्रेमाने उठवते."

मावशीला हसू फुटलं आणि पाठोपाठ रडू. त्या दोन्हींतून सावरल्यावर तिला एक गोष्ट उमगली. पहिल्या सरावाच्या वेळी ती खिडकीबाहेर उभी होती, खोकत होती. मधलीने ते ऐकलं असणार. मावशी जवळ आहे म्हटल्यावर मधली मावशी कशी होणार? तिघी किल्ल्यांची वाट बघत राहिल्या, आणि किल्ल्या खिडकीबाहेर उभ्या होत्या.

हे तिने कुणाला सांगितलं नाही. मधलीलाही नाही. सांगितलं तर तो मावशीचा हुकूम झाला असता, आणि हुकूम ऐकायला मधली मधलीच राहिली असती.

दुसऱ्या सरावाच्या दिवशी मॅडम आणि अग्निशमन दलाचा माणूस फाटकाशी आले. मावशीने मॅडमना सांगितलं, मी इथे थांबत नाही, मी कोपऱ्यावर जाते. मॅडमना नवल वाटलं. नियम फक्त बाहेर थांबण्याचा होता. दारात उभ्या राहा की, त्यांना तेवढाच धीर येईल, असं त्या म्हणाल्या.

"मी दारात असले तर त्या आत राहतील," मावशी म्हणाली.

आणि ती निघाली. त्या दिवशी तिने पाय मुद्दाम घासत नेला. गल्लीभर खोकत गेली. माझं जाणं ऐक, असं प्रत्येक पावलाला मनात म्हणत होती. इस्त्रीच्या दुकानापाशी पोहोचली तेव्हा तिची पाचावर धारण बसली होती. इस्त्रीवाल्या बाईने बसायला स्टूल दिलं, काय झालं म्हणून विचारलं. मावशी घराच्या दाराकडे बघत राहिली.

घंटा वाजायला लागली. एवढ्या लांबून ती डासाच्या गुणगुणीसारखी ऐकू येत होती. दार बंदच. मावशीने खिडकीतली छोटी डोळ्यांपुढून ढकलून दिली, ती परत आली. जुन्या इमारतीची मागची बाजू, तो ओला वास, गुळगुळीत फळ्या, सगळं परत आलं. आपण चुकलो, आपण फाटकाशी राहायला हवं होतं, असं तिला वाटायला लागलं. धावत जावं म्हणून ती उठलीही. मग ती परत बसली, हे तिच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम होतं.

दार उघडलं.

आधी ताईची खुर्ची उंबऱ्यावर आली. खुर्ची मधली ढकलत होती, ताई चांगल्या हाताने वाट दाखवत होती आणि ओरडत होती, "उतार आहे, सांभाळ." मधलीच्या बाहीला धरून छोटी, डोळे पुसत. मधलीचा डावा खांदा खाली होता आणि डावी चप्पल घासत होती. फाटकापाशी येऊन ती थांबली.

मावशी गल्लीतून कशी आली ते तिला आठवत नाही. अग्निशमनवाला मॅडमना विचारत होता, आत अजून कोणी बाई आहेत का, किल्ल्या वाजवत कुणीतरी सगळ्यांना उठवत होतं, मी स्वतः ऐकलं. मॅडम आत जाऊन तिन्ही खोल्या बघून आल्या. घरात कुणी नव्हतं. त्यांनी मधलीकडे बघितलं, मग मावशीकडे. पास, एवढंच म्हणाल्या.

मधली मोजत होती. ताईच्या खांद्याला हात लावून म्हणाली, "एक." छोटीच्या खांद्याला हात लावून म्हणाली, "दोन." मावशीचं घासतं पाऊल जवळ आलं तेव्हा तिची मान जराशी वळली. आता ही गप्प होणार, हात गळणार, असं मावशीला वाटलं, आणि होऊ नये असंही फार वाटलं. मधली गप्प झाली नाही. तिचा हात हवेतून पुढे आला, मावशीच्या खांद्यावर टेकला. तळवा गरम होता.

"तीन," ती मावशीच्या आवाजात म्हणाली. "सगळ्या आल्या. चला."

आणि मावशीच्या लक्षात आलं की ते शब्द येईपर्यंत आपण पाऊल उचललं नव्हतं. ती छोटीच्या मागे ओळीत उभी होती. ओळ आत गेली तशी तीही गेली.

घर तिघींचं झालं. मावशीने पुढे दोन गल्ल्या पलीकडे खोली घेतली आणि फक्त दिवसाची यायला लागली. दाराशी येऊन ती घंटी वाजवायची आणि कुणी उघडेपर्यंत बाहेर थांबायची. कधी कधी बराच वेळ लागायचा. आतून आपलंच चालणं दाराकडे येताना ऐकून पहिल्या पहिल्यांदा तिचे हातपाय गार पडायचे, पुढे सवय झाली. छोटीने मग एक दिवस किल्ल्यांची वाट न बघता स्वतःच दार उघडलं, आणि त्या दिवशी मावशी उंबऱ्यावरच रडत बसली. ताईनेही मूठ फिरवली, आपली मर्जी असेल तेव्हा. मधलीने मात्र मधली म्हणून कधी दार उघडलं नाही.

मावशी गेली त्याला आता बरेच दिवस झाले. छातीच्या दुखण्याने, आपल्या खोलीत, झोपेतच गेली. तिघींना बहिणीने जाऊन सांगितलं. ताई रडली, छोटी रडली. मधलीने मान तिरकी करून ऐकून घेतलं.

बहीण अजून त्या घरी जाते. दुपारी स्वयंपाकघरात एकटीच बसते, नव्या सोबतीच्या बाईला थोडं पडायला सांगते. भुताखेतांवर तिचा अजूनही विश्वास नाही. गल्लीत सामसूम झाली की बोळात जुडगा वाजतो. एक पाऊल नीट, एक घासत. कोरडा खोकला. अंगावर काटा येतो, तरी ती कान देऊन ऐकते, कारण अक्काचं चालणं जगात आता एवढ्या एकाच बोळात उरलं आहे. पावलं स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन थांबतात. मूठ फिरते.

"चला, उठा बघू."

बहीण डोळे पुसते, उठते आणि चहा टाकते.